गोपिलेच्या कोंबड्यांचा घास

फार पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी सोमकूट नावाच्या नगरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका भडभुंज्याच्या कुळात जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. नगराच्या पूर्ववेशीला लागून त्याचे घर होते. घरापुढे भट्टी आणि घरामागे मोठे परस. लोक भात, हरभरा, ज्वारी घेऊन येत. सोमिल तापल्या वाळूत ते धान्य भाजून लाह्या, चुरमुरे, फुटाणे करून देई आणि मजुरी म्हणून त्यातलेच थोडे ठेवून घेई. त्याची बायको पाटला चाळणीवर बसे. चाळणीखाली जे पडे, फुटके दाणे, करपलेल्या लाह्या, कोंडा, ते ती सुपात भरून परसात नेऊन ओती. तिथे कोंबड्या वाट पाहात असत.

त्या कोंबड्या मात्र मूळच्या सोमिलाच्या नव्हत्या. त्या गोपिला नावाच्या म्हातारीच्या होत्या. सोमिल लहानपणीच पोरका झाला होता आणि शेजारच्या या गोपिलेने त्याला आपल्या घरात आणून वाढवले होते. तिला दुसरे कोणी नव्हते. होते ते कोंबड्या-पिलांचे लटांबर. आळीत कोणी बाळंत झाली की गोपिलेच्या परसातली अंडी तिच्या घरी जात, आणि त्याबद्दल गोपिलेने कधी कोणाकडे काही मागितले नाही.

पुढे सोमिलाचे लग्न झाले, मुलगी झाली. गोपिला फार थकली आणि एके दिवशी तिने अंथरुणावरून त्याला जवळ बोलावले.

"माझ्या माघारी यांना विकू नकोस," ती म्हणाली, "आणि उपाशी ठेवू नकोस. निम्म्याअधिक म्हाताऱ्या झाल्यात. अंडं देईना त्या कोंबडीला कोण विचारतं?"

सोमिलाने ओंजळीत पाणी घेतले आणि म्हणाला, "आई, माझ्या घरात चूल पेटते आहे तोवर यांच्या पोटाला मिळेल."

पाटला तिथेच उभी होती. लहानगी कुमुदा तिच्या कडेवर होती. तिला कोणी काही विचारले नाही, आणि विचारण्यासारखे त्यात काही आहे असे त्या वेळी तिलाही वाटले नाही. चाळणीखालचा चुरा तसाही वायाच जायचा.

गोपिला गेली. कोंबड्या सोमिलाच्या परसात आल्या.

काही काळ सुखाचा गेला. मग एका वर्षी पाऊस अर्ध्यावर थांबला आणि पुढच्या वर्षी आलाच नाही. त्यातच सीमेवर शेजारच्या राजाने डोके वर काढले आणि नगराबाहेर सैन्याचा तळ पडला. कोठारातले धान्य तिकडे वळले. बाजारात भात दिसेनासा झाला. ज्यांच्या घरी थोडाफार होता ते लोक तो लाह्या करण्यात घालवेनात. शिजवून त्याची पेज करीत आणि ती दोन वेळ पुरवीत. सोमिलाची भट्टी एक दिवसाआड पेटू लागली, मग आठवड्यातून एकदा.

आता चाळणीखाली पडणाऱ्या कण्यांकडे पाटला निराळ्या नजरेने पाहू लागली. पूर्वी ती सूप भरून ओतीत असे. आता ती करवंटीने मोजून देऊ लागली, आणि देताना करवंटी भरली आहे की नाही हे दोनदा पाहू लागली. त्याच कण्यांची आंबील घरात होत होती. कोंबड्यांना मूठभर गेले की घरातल्या आंबिलीत तेवढे पाणी वाढे. सोमिल आपल्या वाट्यातले निम्मे परसात नेई, हे तिला दिसत होते. त्याच्या गळ्याची हाडे वर आली होती. आणि इतके करूनही कोंबड्यांनी अंडी देणे कधीच बंद केले होते.

अशात राजाच्या स्वयंपाकशाळेचा अधिकारी वीरक आळीत आला. सेनापती आणि त्याची माणसे यांच्यासाठी तो कोंबड्या गोळा करीत होता. माणूस कठोर नव्हता, पण घाईत होता. त्याने परसावर नजर टाकली आणि म्हणाला, "सगळ्या दे. म्हाताऱ्यासुद्धा चालतील, रस्सा होतो. बदल्यात दोन पोती तांदूळ घे. आजच पाठवतो."

दोन पोती तांदूळ हे शब्द ऐकून पाटला चाळणी सोडून पुढे आली. सोमिल हात जोडून म्हणाला, "महाराज, या माझ्या नाहीत. सांभाळायला दिलेल्या आहेत."

"कोणी दिल्या?"

"जिने दिल्या ती आता नाही."

वीरक त्याच्याकडे बघत राहिला. "मग अडचण कसली?" त्याने विचारले. सोमिलाने पुन्हा हात जोडले आणि मान हलवली. वीरक निघून गेला. जाताना एवढेच म्हणाला की आज तो विचारायला आला आहे, पुढच्या वेळी आज्ञा घेऊन यावे लागले तर विचारणार नाही.

पाटला चाळणीकडे परतली. दुपारी ती कुमुदेला शोधत परसात गेली. कोंबड्यांना दाणे घालायचे मातीचे परळ होते, त्याच्याशी पोर उकिडवी बसली होती. एका बाजूने एक लंगडी कोंबडी चोच मारीत होती आणि दुसऱ्या बाजूने कुमुदा दोन बोटांनी चुरा वेचून तोंडात घालीत होती. कोंबडी तिला हाकलत नव्हती आणि ती कोंबडीला.

पाटलेने पोरीला उचलले, तिचे तोंड पुसले आणि भट्टीपाशी आली. सोमिल थंड वाळू उपसत होता.

"कुमुदा परळातलं खात होती," ती म्हणाली.

सोमिलाचा हात थांबला.

"तुम्ही शब्द दिलात तेव्हा तो तुमचा होता. आता तो माझ्या लेकीच्या पोटातून पुरा होतोय. मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं."

सोमिलाने हातातली वाळू खाली टाकली. मग म्हणाला, "खरं आहे. विचारायला हवं होतं. आता विचारतो. काय करू, सांग."

"विका म्हटलं तर विकाल?"

"नाही."

"मग मला कशाला विचारता?"

"विकणं सोडून दुसरं जे सांगशील ते करीन."

पाटलेला राग आला होता, पण त्याच्या आवाजात हट्ट नव्हता. दगड जागेवरून हलत नाही तसा तो फक्त हलत नव्हता. ती म्हणाली, "मग ऐका. घरातल्या धान्याला यापुढे हात लावायचा नाही. कण्यांनाही नाही, कोंड्यालाही नाही. आणि तुमच्या वाट्याची आंबील तुम्हीच प्यायची, माझ्यासमोर बसून."

"कबूल."

"मग त्यांना घालणार काय?"

"बाहेरून आणीन."

"बाहेर काय आहे? बाहेर माती आहे."

"मग मातीतून आणीन," सोमिल म्हणाला, आणि टोपली घेऊन त्याच पावली निघाला.

शेजारच्या कुंभाराने त्याला सोपा उपाय सांगितला. गाडग्यात ओले शेण आणि काड्या भरायच्या आणि ते वारुळावर पालथे घालायचे. सकाळपर्यंत गाडगे वाळवीने भरते आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. सोमिलाने एका वारुळाची कड उकरून पाहिली. आत ते पांढरे जीव आपली अंडी तोंडात धरून आतल्या अंधाराकडे पळत होते. त्याने उकरलेली माती पुन्हा लोटली आणि वरून हाताने थापली. कुंभार हसला तेव्हा तो म्हणाला, "कोंबड्या आपल्या नखांनी उकरून जे खातात तो त्यांचा धर्म. मी एकाचं पोट भरायला दुसऱ्याचं घर मोडणार नाही."

मग तो हिंडू लागला. आटलेल्या तळ्याच्या गाळात पोयण्यांची, म्हणजे पाणकमळांची, वाळकी बोंडे होती. ती फोडून त्याने बिया काढल्या. माळावरच्या गवताचे तुरे झोडून बारीक बी गोळा केले. आमराईत उन्हाळ्यातल्या कोयी ढिगाने पडल्या होत्या आणि वेशीबाहेर चिंचा फोडण्याच्या जागी चिंचोक्यांचा सडा होता. माणसे त्यावरून चालत जात होती. सोमिल पाठीवर भरून ते सारे घरी आणी आणि भट्टीसमोर बसून कुटत राही. त्याच्या हातांना घट्टे होतेच. आता त्यांना भेगा पडल्या.

पण पोयण्यांच्या बिया पुरेनाशा झाल्या, आणि कोयींचा गर इतका कडू होता की कोंबड्या परळाशी येत, चोच लावीत आणि माना झटकून निघून जात. त्या रोडावल्या. एका सकाळी मोठ्या तुऱ्याची काळी कोंबडी खुराड्याच्या दाराशी मरून पडली होती. सोमिलाने तिला परसाच्या कोपऱ्यात पुरले. तो तिथेच मातीने भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून थोडा वेळ बसला. पाटला स्वयंपाकघराच्या दारातून पाहात होती. तिला वाटले, आता हा येईल आणि म्हणेल की जमत नाही. सोमिल उठला, त्याने हात धुतले, टोपली पाठीवर घेतली आणि आमराईच्या वाटेला लागला.

पाटलेचे मन त्या दिवशी कामात लागले नाही. तिचे माहेर डोंगरातले होते. वाईट वर्षात तिची आई कोयींचे काय करीत असे ते तिला ठाऊक होते, आणि पहिल्या दिवसापासून ते तिने नवऱ्याला सांगितले नव्हते. कोंबड्या आपोआप मेल्या तर कोणाचाच शब्द मोडणार नाही आणि कोणावरच दोष येणार नाही, असे तिच्या मनाने तिला न विचारता ठरवून टाकले होते. काळी कोंबडी मेली तेव्हा तिला हे कळले. आणि कळल्यावर तिला ते सहन होईना.

संध्याकाळी सोमिल परतला तेव्हा ती म्हणाली, "कोयी अशा कुटून चालत नाहीत. गर काढून राखेच्या पाण्यात भिजवावा लागतो. मग फडक्यात बांधून वाहत्या पाण्यात ठेवायचा, कडूपणा निघून जाईस्तोवर. मग वाळवायचा आणि मग कुटायचा. चिंचोके आधी भाजायचे, लाल साल पाखडून टाकायची."

सोमिलाने तिच्याकडे पाहिले. आधी का सांगितले नाहीस, हे त्याने विचारले नाही. "मला दाखवशील?" एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर गेली. नदीची एक बारीक धार अजून वाहात होती. तिच्यात उभी राहून पाटला गाठोडी दगडाखाली दाबी. उन्हात वाकून वाकून तिची कंबर धरली. घरी सोमिल चिंचोके भट्टीत भाजी. कितीतरी दिवसांनी भट्टी पुन्हा रोज पेटू लागली. गवताचे बी, कोयींचे पीठ, चिंचोक्यांची भरड एकत्र करून तिने पहिल्यांदा परळात ओतली तेव्हा ती स्वतःच खाली बसली आणि पाहू लागली. लंगडी कोंबडी आली. तिने एक चोच मारली, मान वाकडी करून पाटलेकडे पाहिले आणि मग परळ रिकामे होईपर्यंत मान वर केली नाही.

पाटला घरात आली तेव्हा सोमिलाने विचारले, "खाल्लं?"

"खाल्लं," ती म्हणाली, आणि तिचे तिलाच नवल वाटले की तिला इतका आनंद का व्हावा.

आळीतले लोक आधी हसले. घरात खायला नाही आणि ही दोघे कोंबड्यांसाठी जंगल पालथे घालतात, असे म्हणाले. मग शेजारची श्यामा नावाची विणकरीण मागच्या दाराने आली. तिचे मूल अंगावर पीत होते आणि तिला दूध येत नव्हते. ती बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिली आणि शेवटी खाली बघत म्हणाली, "त्या कोंबड्यांचं पुरतं झाल्यावर काही उरलं तर मला द्याल? माझ्याच्याने आता उभं राहवत नाही."

पाटलेने त्या पिठाची पेज शिजवली. आधी स्वतः खाऊन पाहिली. चव उग्र होती, पण पोटाला आधार होता. तिने श्यामेला वाढले, कुमुदेला वाढले.

बातमी आळीभर झाली. कोणी कोयी घेऊन आले, कोणी चिंचोके. पाटला बायकांना नदीवर घेऊन जाई आणि सोमिल भट्टीवर बसे. लोकांनी मजुरी विचारली तेव्हा तो म्हणाला, "प्रत्येक टोपलीतली एक मूठ त्या परळात टाकत जा. माझी मजुरी पोचली." त्यामुळे पुढे कोंबड्यांच्या घासासाठी त्याला वेगळे हिंडावे लागेना. संपूर्ण आळी आपापल्या पोटासाठी राबत होती आणि राबता राबता गोपिलेच्या कोंबड्यांना पोसत होती.

त्याच सुमारास वीरक पुन्हा आला. या वेळी त्याच्याबरोबर शिपाई होते आणि त्यांच्या हातात पिंजरे होते. सोमिल दूरच्या आमराईत गेला होता. पाटला एकटी परसात पीठ पाखडत होती.

"राजाज्ञा आहे," वीरक म्हणाला. "नगरातली प्रत्येक कोंबडी तळावर जायची. बाजूला हो, बाई."

पाटलेने सूप खाली ठेवले. ती उठली, खुराड्यापाशी गेली आणि त्याच्या दारात बसली. तिने पाय पदराखाली घेतले.

"तुझ्या नवऱ्याने मला सांगितलं होतं की या त्याच्याही नाहीत," वीरक म्हणाला. "एका मेलेल्या म्हातारीच्या कोंबड्यांसाठी तू शिपायांचा मार खाणार? शब्द तुझ्या नवऱ्याने दिला ना? तू दिला होतास?"

"नाही," पाटला म्हणाली. "मी दिला नव्हता."

"मग ऊठ."

"आता देते आहे."

शिपाई वीरकाकडे पाहू लागले. पाटलेचा आवाज चढलेला नव्हता. ती पुढे म्हणाली, "महाराज, पहिल्यांदा तुम्ही आलात तेव्हा माझ्या हातात असतं तर मी सगळ्या देऊन टाकल्या असत्या. तुमचे तांदूळ आम्ही खाल्ले असते आणि ते कधीच संपले असते. यांना विकायचं नाही म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि लोक तुडवत होते ते वेचून आणलं. आज ही आळी त्यावर जगते आहे. तुमच्या सैनिकांना या रोड कोंबड्या एका जेवणाला पुरायच्या नाहीत. पण मला ओलांडून त्या न्यायच्या असतील तर मी तुम्हाला अडवू शकत नाही. मी फक्त उठणार नाही."

तोवर श्यामा मूल घेऊन दाराशी आली होती. तिच्यामागे आळीतल्या इतर बायका आल्या.  ज्यांच्या हातात टोपल्या होत्या त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि त्याही परसात बसल्या.

वीरकाने परसात निवत ठेवलेल्या मडक्यातल्या पेजेकडे पाहिले. मग त्याने बोट बुडवून ती चाखली. तळावर शिपायांना मिळणाऱ्या पाण्यासारख्या कांजीपेक्षा ती दाट होती.

"हे कशाचं आहे?" त्याने विचारले.

पाटलेने सांगितले.

वीरक पिंजऱ्यांकडे वळला. रिकामे पिंजरे घेऊन परत जाणे म्हणजे काय हे त्याला माहीत होते. सेनापती त्याची जागा काढून घेऊ शकत होता. शेवटी त्याने शिपायांना पिंजरे उचलायला सांगितले आणि पाटलेला म्हणाला, "एक पोतं पीठ दे. मी ते घेऊन सरळ राजाकडे जातो. काय होईल ते माझं होईल."

राजा भद्रसेनाने ते पीठ पाहिले, वीरकाचे सगळे ऐकून घेतले आणि त्याला शिक्षा केली नाही. आमराया आणि चिंचबने सर्वांना खुली झाली. प्रत्येक वेशीवर भट्ट्या पेटल्या आणि पाटलेच्या आळीतल्या बायका तिथे शिकवायला गेल्या. त्या वर्षी सोमकूटात माणसे रोड झाली, पण भुकेने फार थोडी मेली. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला आणि सीमेवरचा तळही उठला.

वीरक पीठ घेऊन गेला त्याच दिवशी संध्याकाळी सोमिल घरी आला आणि त्याला घडलेले कळले, तेव्हा तो पाटलेसमोर बसून म्हणाला, "मी शब्द दिला तेव्हा तुला विचारलं नव्हतं."

"मीही आज तुम्हाला विचारलं नाही," पाटला म्हणाली.

गोपिलेच्या कोंबड्या त्या परसात म्हाताऱ्या झाल्या आणि आपापल्या वेळी मेल्या. त्यांच्यातली एकही विकली गेली नाही आणि त्या काळ्या कोंबडीनंतर एकही उपाशी राहिली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका वनविहारात सांगितली. तिथे वासिका नावाची एक भिक्षुणी अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध भिक्षुणींची सेवा करीत असे. त्यांच्यासाठी दारोदार भिक्षा मागून ती थकली होती. ज्यांना आता ना ध्यान साधते ना उपदेश करता येतो, त्यांना किती दिवस भरवायचे, असा विचार तिच्या मनात आला होता आणि तो तिने शास्त्यांपाशी मोकळेपणाने बोलून दाखवला होता.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "वासिके, त्या वेळची गोपिला म्हणजे तू आज सकाळी जिला पेज भरवलीस ती वृद्ध भिक्षुणी. त्या वेळचा वीरक म्हणजे या विहाराला धान्य पुरवणारा गृहपती. विणकरीण श्यामा म्हणजे तुझ्याबरोबर भिक्षेला जाणारी तुझी सखी. दारात बसून न उठणारी पाटला तूच होतीस, आणि भडभुंज्या सोमिल मी होतो. माझा शब्द माझ्या एकट्याचा होता तोवर तो एका लेकराच्या ताटातला घास काढून घेत होता. तू तो आपला केलास तेव्हाच तो पुरा झाला."

मग शास्त्यांनी सांगितले की घेतलेले व्रत दुसऱ्याला भार होऊ न देता, कोणत्याही जिवाला न दुखावता, शेवटपर्यंत पाळणे हीच अधिष्ठान पारमिता, म्हणजे निश्चयाची परिपूर्णता, होय.